ओक मागितला, सिल्व्हर ओक गळ्यात पडला

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला माझं चार एकर बरड आहे. खाली केळी, वर नुसता मुरूम. तीन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका रोपवाटिकेतून, या बरडावर हरणं यावीत म्हणून ५५ रोपं आणली, त्यांचा हा हिशोब. रोपवाटिकेचं नाव लिहीत नाही. मालक ओळखीतला आहे आणि मला अजून त्याच्याकडे जायचंय.

खूळ मूळचं भाच्याचं. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला असतो. तिथे मित्राच्या शिकारीच्या जमिनीवर हरणं यावीत म्हणून ही मंडळी ओकाची झाडं लावतात. पांढऱ्या ओकाचं फळ एकाच मोसमात पिकतं आणि तुरट कमी, म्हणून हरणं आधी त्याच्याखाली. लाल ओकाचं फळ तयार व्हायला दोन मोसम जातात, तुरटही जास्त. झाड बऱ्यापैकी फळायला वीसेक वर्षं लागतात, तरी हे लावतात! तिकडे परवाना काढून शिकार चालते. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे तो विषयच नाही, आणि मला मारायचंही नव्हतं. पहाटे खाटेवर चहा पिताना समोर हरीण दिसावं, एवढीच हौस. शेजारी म्हणाला, "हाऊ काय येडापना शे, आप्पा?" त्याचा हरभरा नीलगाईंनी दोनदा साफ केलेला, त्यामुळे त्याला बोलायचा हक्कच होता.

तर रोपवाटिकेत जाऊन मी सहज विचारलं, ओक आहे का? मालक लगेच म्हणाला, आहे ना, तोच अमेरिकेतला. २५ रुपयाला एक, अशी दहा रोपं छोट्या हत्तीत चढवली. वर्षभरात डोक्याच्या वर गेली, मी खूश. फोटो पाठवला तर भाचा हसतच सुटला. तो सिल्व्हर ओक निघाला! झाड ऑस्ट्रेलियाचं, ओकाशी नातं फक्त नावाचं. चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात. बी पातळ, पंखाची, वाऱ्यावर उडून जाणारी; हरणानं खावं असं त्यात काही नाही. खरा ओक आपल्या देशात हिमालयाकडे होतो, या मुरमात ४५ अंशांत तो काय टिकणार? म्हणजे चूक निम्मी माझीच. पण मालकानं "तोच" म्हणायला नको होतं. परत घेतो का विचारलं तर म्हणाला, वाऱ्याला आडोसा होईल, राहू द्या. केळीला खरंच होतोय, हे कबूल करतो.

बाकी माल ओकाहून बरा, पण सारखा नाही. मोहाची वीस रोपं घेतली, जगली अकरा. मरतुकडी उपटून पाहिली तर सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेलं. मोह काय, अंजन काय, ही झाडं खडकात मूळ खाली सोडून जगणारी. त्यांना वीतभर पिशवीत दोन वर्षं कोंडलं की जमिनीत गेल्यावरही मूळ गोलच फिरत राहतं. पुढच्या पावसाळ्यात एका पावरा आदिवासी आजीनं ओंजळभर ताजी मोहाची बी दिली. तिनं बजावलं, वाळवू नको, आजच लाव. जागेवरच टोकलेली ती झाडं आज पिशवीतल्यांच्या बरोबरीला आली आहेत. फुकटची!

अंजनाची दहाच्या दहा जगली. रोपं लहान, वर्षाचीच होती, म्हणूनच असेल.

बोरीला मात्र पैकीच्या पैकी. पंधरा गावठी बोरी घेतल्या, त्यातल्या तीन शेळ्यांनी खाल्ल्या (शेळ्या माझ्याच), बाकी यंदा पौषात लाल झाल्या. मोहाच्या फुलांवर भेकर, सांबर येतात म्हणतात, पण तो चैत्र बघायला मला अजून आठ-दहा वर्षं जगावं लागेल. बोरीनं तिसऱ्या वर्षी काम केलं.

आणखी एक. ज्यांच्यासाठी झाडं लावायची त्यांच्यापासूनच ती आधी राखावी लागतात. भाच्यानं प्लॅस्टिकची उंच नळी पाठवली होती, तिकडे रोपाला तीच घालतात. वैशाखात आतला मोह भाजून निघाला. शेवटी बोरीच्याच काट्यांचं कुंपण केलं. मालक बांबूचे पिंजरे ८० रुपयाला विकतो. घेऊ नका, पहिल्या पावसात तिरके होतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बोरीखाली बारीक खुरांचे ठसे दिसले. वनरक्षक दादांना दाखवले, म्हणाले भेकर. प्रत्यक्ष दिसलं नाही अजून. येत्या मृगात अंजन आणायला त्याच रोपवाटिकेत जाणार आहे, पण पैसे देण्याआधी एक पिशवी तिथेच फाडून मूळ बघणार.