केळीच्या बोरवर बसवलेलं मोटार प्रोटेक्शन पॅनल, दोन उन्हाळे वापरून

भाऊ, आधीच सांगतो, मी काही इलेक्ट्रिशियन नाही. रावेर तालुक्यात केळी लावतो आणि सगळी बाग साडेसात एचपीच्या एका सबमर्सिबलवर. ती दोन वर्षांत दोनदा जळाली, दोन्ही वेळा मे महिन्यात, आणि त्या उन्हात चार दिवस पाणी तुटलं तर काय होतं ते केळीवाल्यालाच विचारा. रिवाइंडिंगवाला कॉइल दाखवून म्हणाला, तीनपैकी एक फेज (विजेची एक वायर) गेला होता, मोटार दोनवरच ओढत बसली.

मला पटेना, कारण सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारी डबी, तर होता, दुकानदाराने "डोळे झाकून न्या" म्हणत दिलेला. नंतर कळलं तो नुसतं व्होल्टेज बघायचा. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक डिओ, म्हणजे फ्यूज, उडाला तरी चालू मोटार स्वतःच त्या मेलेल्या वायरवर व्होल्टेज तयार करते, शेजारच्यांच्या मोटारी पण करतात, म्हणून त्या डबीला वाटतं तिन्ही फेज हजर आहेत आणि इकडे उरलेल्या दोन वायरींवर करंट दीड-पावणेदोन पट झालेला असतो. जास्त करंट गेला की मोटार तोडणारा ओव्हरलोड रिले होता ना? होता, पण सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमनने तो शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला.

नवीन पॅनलमधे तिन्ही वायरी सीटीच्या (करंट मोजणाऱ्या कड्याच्या) भोकातून जातात, म्हणजे ते मोटार खरोखर किती करंट खातेय ते बघतं. गेल्या जूनमधे वादळात डिओ उडाला, पाचेक सेकंदात खटकन कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पडला. शेजारच्या आबांची मोटार घूं घूं करत होती, चिखलातून पळत जाऊन मीच बंद केली.

ड्राय रन, म्हणजे पाणी संपल्यावर मोटार कोरडी चालू नये याची सोय, पण करंटवरच आहे. माझी मोटार भरल्या पाण्यात 14 अँपिअर घेते, बोर उपसला की 9 वर येते, मी 10.5 वर सेट केलंय. फेजचा क्रम उलटा आला तर मोटार सुरूच करत नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ऑटोचा टायमर, लाईट आल्यावर किती वेळाने मोटार आपोआप उठवायची ते ठरवणारा. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, उठताना प्रत्येकीला सहापट करंट लागतो आणि डिओ तिथंच जातो. आता मी 40 सेकंदांवर, आबा 90 वर, पलीकडचे दोघं अजून ऐकत नाहीत.

तक्रारी आहेत. टर्मिनल इतकं बारीक की जाड ॲल्युमिनियम केबल बसतच नाही, केबलच्या टोकाला लग (धातूची टोपी) मारून घ्यावं लागलं. डिस्प्ले उन्हात दिसत नाही, हाताची सावली धरून वाचायचा. माहितीपुस्तक सगळं इंग्रजीत. केबल जायच्या भोकाला रबर दिलेलं नाही, तिथून पाल शिरली आणि कॉन्टॅक्टरमधे चिकटून मेली, दोन तास मी बोरमधेच दोष शोधत बसलो. एक स्टार त्या पालीचा कापला, बाकी चार दिले.