एसएसडीचे तीन आकार आणि नागपूरचा उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या ऑफरमध्ये तीन एसएसडी (हलणारा भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्ह) घेतल्या होत्या, मृग लागेपर्यंत त्या रोज वापरल्या. माझं काम लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ एडिट करण्याचं. जागा नागपूरच्या महाल भागातल्या घराची वरची खोली, डोक्यावर गच्ची, खिडकीला कूलर. एसी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यूट्यूबवरचे वेगाचे आकडे बहुतेक गार खोलीत मोजलेले असतात आणि आमचा सीझन येतो तो एप्रिल-मेमध्ये, पारा ४५च्या आसपास असताना.

तिन्ही १ टीबीच्या. पहिली अडीच इंची साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची, जुन्या लॅपटॉपसाठी. दुसरी एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई ४.०ची, डेस्कटॉपमध्ये. (एम.२ म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी, पीसीआयई ही तिची वेगवान लाइन आणि एनव्हीएमई त्या लाइनवर बोलायची पद्धत.) तिसरीही एम.२च, पण पीसीआयई ३.०ची आणि यूएसबी-सी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत घातलेली, मंगल कार्यालयात न्यायला.

सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात एकच सल्ला मिळाला: "भाऊ, सात हजारवाली घेऊन टाका ना, साटा आता कोण घेते?" सात हजार म्हणजे सेकंदाला ७००० एमबी. साटाची मजल ५५०-५६०ला संपते, कारण तिची लाइनच ६ गिगाबिटची. कागदावर सरळ बारापट फरक.

आता माझं काम बघा. कॅमेऱ्यात साधं यूएचएस-१ एसडी कार्ड आहे. त्या कार्डाच्या डेटा-लाइनचीच मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, प्रत्यक्षात ९०च्या आसपास मिळतात. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड उतरायला तेवीस-चोवीस मिनिटं जातातच, मग समोर साटा असो की एनव्हीएमई. प्रॉक्सी (मूळ फुटेजच्या हलक्या नकला) बनवून एडिट करतानाही दोघींत मला फरक जाणवला नाही. तो जाणवला चार कॅमेऱ्यांचं ४के फुटेज एकाच टाइमलाइनवर टाकल्यावर, आणि एका एनव्हीएमईवरून दुसरीवर सगळं लग्न हलवताना. तिथे साटा खरंच रडवते.

पण डेस्कटॉपमधल्या एम.२चं उन्हाळ्यात काय होतं ते दुकानात कोणी सांगत नाही. ही पट्टी २२८० मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. च्युइंगमच्या कांडीएवढ्या जागेत कंट्रोलर आणि मेमरी चिप. त्यात बहुतेक मदरबोर्डवर पहिला स्लॉट येतो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या मधोमध. डिसेंबरात ड्राइव्हचं तापमान चाळिशीत असायचं. मेमध्ये दुपारी रेंडर लावून शेजारी कॉपी सुरू केली की ऐंशीच्या घरात, आणि मग ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग पाडते. सातशेच्या खाली आलेली मी पाहिली आहे. म्हणजे पैसे सात हजारचे आणि चाल जवळपास साटाची.

झाकण उघडलं तर मदरबोर्डच्या हीटसिंकखालच्या, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीखालच्या, थर्मल पॅडवरची निळी फिल्म तशीच होती. असेंबल करणाऱ्याने काढलीच नव्हती. तुमचं मशीन असेंबल होऊन आलं असेल तर एकदा स्क्रू काढून बघाच. फिल्म काढली, ड्राइव्ह खालच्या स्लॉटमध्ये हलवली, कॅबिनेटच्या पुढच्या फॅनची जाळी साफ केली. (कूलरच्या दमट हवेत धूळ पापडासारखी चिकटते, साध्या ब्रशने निघत नाही.) तापमान चांगलं खाली आलं. मात्र खालचा स्लॉट वापरला की अनेक बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. माझ्याकडेही पडले. हार्ड डिस्क दिसेनाशी झाली की घाबरू नका, मॅन्युअल उघडा.

अडीच इंची साटा मात्र पूर्ण उन्हाळा पन्नाशीच्या वर फारशी गेली नाही. तिचा वेगच मर्यादित, त्यामुळे कंट्रोलरला घाम फुटत नाही, आणि डब्यात जागा भरपूर. आत सर्किट बोर्ड अनेकदा निम्म्या डब्याएवढाही नसतो. तिची जाडी ७ मिमी. जुनी हार्ड डिस्क ९.५ मिमीची असेल तर भोवती प्लास्टिकची चौकट लावावी लागते, नाहीतर आत खुळखुळते. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (एसएसडी बसवायची चौकट) लावणार असाल तर पट्टीने मोजून घ्या, कॅडी ९.५ आणि १२.७ अशा दोन जाडीत येते. डेस्कटॉपमध्ये काही जण ही एसएसडी डबल टेपने चिकटवून देतात. हलणारा भाग नसल्याने चालतं, पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तो टेप सुटतो. ब्रॅकेट मागून घ्या.

एन्क्लोजरवाली सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात तापट. १० गिगाबिटच्या पोर्टवर हजारच्या आसपास वेग देते. मात्र मोबाइलच्या चार्जरची सी-टू-सी केबल लावली तर चाळीस एमबी. त्या बहुतेक केबल यूएसबी २.०च्या असतात आणि दिसायला अगदी सारख्या. खरी केबल मी एन्क्लोजरलाच रबरबँडने बांधून ठेवतो. मोठी कॉपी झाल्यावर अ‍ॅल्युमिनियमची डबी हातात धरवत नाही, पण ते बरंच आहे, कारण उष्णता बाहेर येते आहे. प्लास्टिकची डबी घेऊ नका.

एसएसडीचे आणखी दोन प्रकार दिसतील: एमसाटा फक्त जुन्या मशीनसाठी, यू.२ सर्व्हरवाल्यांसाठी, घरी दोन्हींचं काम नाही. पातळ लॅपटॉप असेल तर मात्र २२३० किंवा २२४२चा स्लॉट असू शकतो, त्यात २२८० बसत नाही. एम.२ म्हणजे एनव्हीएमईच असंही नाही. कनेक्टरला दोन खाचा दिसल्या तर ती बहुधा साटाची असते.

जुनी लग्नं एसएसडीवर भरून कपाटात ठेवायचा विचार मी सोडला. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेचं मानक असं की, ड्राइव्हच्या आयुष्यासाठी ठरलेलं सगळं लिखाण होऊन गेल्यावर वीज न देता ३० अंशांत डेटा एक वर्ष टिकला पाहिजे. गरम जागेत ती मुदत घटते. नव्या ड्राइव्हला इतकी भीती नाही, पण गच्चीखालच्या माझ्या कपाटात मेमध्ये ३० अंश रात्रीही नसतात. आर्काइव्ह दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक खालच्या मजल्यावर. पुढच्या सीझनला लॅपटॉपसाठी आणखी एक साटाच घेणार आहे, २ टीबीची.