पेड्रो डेटाबेस: फिजिओच्या विद्यार्थ्यांसाठी फुकट आणि उपयोगी, पण गुण डोळे झाकून घ्यायचे नाहीत

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला रिसर्च मेथडॉलॉजी सुरू झाली किंवा एमपीटीच्या, म्हणजे मास्टर्सच्या, सिनॉप्सिसची (संशोधनाच्या आराखड्याची) तारीख जवळ आली की बहुतेक विद्यार्थी आधी गुगलवर जातात आणि तिथे काही हाती लागलं नाही की गाईडला गाठतात. पेड्रोची पायरी या दोन्हींच्या मधली. सिडनीहून चालणारा हा डेटाबेस १९९९ पासून सुरू आहे. त्यात फिजिओथेरपीच्या उपचारांविषयीच्या फक्त तीन गोष्टी सापडतात: रँडमाइज्ड ट्रायल (पेशंट यादृच्छिकपणे गटांत वाटून केलेली उपचारांची चाचणी), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (अशा अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि प्रॅक्टिस गाइडलाइन (उपचारांच्या शिफारशी). नोंदी साठ हजारांच्या पुढे गेल्या आहेत आणि दर महिन्याला भर पडते. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, कॉलेजच्या वायफायवरच उघडेल अशी अटही नाही.

शोधयंत्र म्हणून तो चांगला आहे. ट्रायल कसा वाचावा हे शिकवायचं साधन म्हणून मात्र त्याहून कितीतरी चांगला आहे, आणि नेमका हा दुसरा उपयोग बऱ्याच कॉलेजांत होत नाही.

आधी शोधण्याबद्दल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत फिजिओथेरपीच्या ट्रायल्सपैकी ९५ टक्के सेंट्रल या कॉक्रेन संस्थेच्या ट्रायल्सच्या साठ्यात सापडले, पेड्रोत ९२ टक्के, पबमेड या सगळ्या वैद्यकशास्त्राच्या डेटाबेसमध्ये ८९ टक्के. आकड्यांत फरक थोडा, पण पबमेडमध्ये गुडघ्याच्या व्यायामाचा ट्रायल शोधताना गोळ्या, इंजेक्शनं आणि ऑपरेशनं यांचा जो पसारा समोर येतो तो इथे नसतो. निकालांचा क्रमही सोयीचा आहे: वर गाइडलाइन, मग रिव्ह्यू, मग ट्रायल, आणि ट्रायलमध्ये जास्त गुणांचे आधी. ओपीडीत पेशंट समोर असताना दहा मिनिटांत काहीतरी ठोस हवं असेल तर वरच्या चार-पाच नोंदींवर भागतं. सिनॉप्सिसच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरला मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे पेड्रोच्या जोडीला पबमेड धरायलाच हवं.

साध्या सर्चमध्ये एकच चौकट आहे. त्यात टाकलेले सगळे शब्द नोंदीत असावेच लागतात. त्यामुळे विद्यार्थ्याने पूर्ण शीर्षक चिकटवलं, उदाहरणार्थ ‘अमुक टेक्निकचा तमुक वयोगटातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या मानदुखीवर परिणाम’, की निकाल शून्य. मग ‘या विषयावर कामच झालेलं नाही’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये जाऊन बसतं. दोन शब्दांनी सुरुवात करावी आणि निकाल फार आले तरच तिसरा घालावा. दोन शब्द सलग हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाकावेत. शब्दाचं मूळ तेवढं लिहून पुढे तारांकन दिलं की त्याची सगळी रूपं येतात. एखादंच अक्षर बदलत असेल, जसं वुमन आणि विमेन, तर त्या जागी ॲटचं चिन्ह चालतं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचं गाडं अडतं ते आद्याक्षरांवर. आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी), एसडब्ल्यूडी (शॉर्टवेव्ह डायथर्मी), एमएफआर (मायोफेशियल रिलीज) हे शब्द वॉर्डात दिवसभर तोंडात असतात, म्हणून सर्चमध्येही तेच जातात. बाहेरचे लेखक पूर्ण नाव लिहितात, म्हणून इंटरफेरेन्शियल हा शब्द टाकावा. शॉर्टवेव्ह एकदा जोडून आणि एकदा तोडून शोधावा, कारण दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं सापडतं. एमईटी तर सगळ्यात फसवं. मसल एनर्जी टेक्निक शोधायला ती तीन अक्षरं टाकली की ‘निकष पूर्ण झाले’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असलेला प्रत्येक गोषवारा समोर येतो. फ्रोझन शोल्डरचंही तसंच: अर्धे पेपर त्या नावाने आहेत, उरलेले ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिसच्या नावाने.

इथे ॲडव्हान्स्ड सर्चची एक खोड माहीत असायला हवी. ‘सगळे शब्द जुळावेत’ किंवा ‘कुठलाही एक जुळावा’ यांपैकी एकच पर्याय घेता येतो आणि तो संपूर्ण फॉर्मला लागू होतो. फ्रोझन शोल्डरची दोन्ही नावं टाकून ‘कुठलाही एक’ निवडलं आणि वर शरीराच्या भागाच्या यादीतून खांदाही निवडला, की खांद्यावरच्या यच्चयावत नोंदी येऊन पडतात. उपाय एकच, दोन वेगळे सर्च करायचे. तसा तो फॉर्म उत्तम आहे. थेरपी, तक्रार, शरीराचा भाग, उपशाखा अशा तयार याद्या आहेत आणि नवख्या मुलाला पेशंटचा प्रश्न तुकड्यांत मांडायची सवय त्यातून आपोआप लागते. फक्त चारही याद्या एका वेळी भरू नयेत. किमान गुणांची चौकटही आधी रिकामीच ठेवावी. रिव्ह्यू आणि गाइडलाइन यांना गुण नसतात, त्यामुळे तिथे ६ लिहिलं की सगळ्यात कामाच्या नोंदी गाळल्या जातात.

आता गुण. पेड्रोची खरी ओळख हीच आणि गोंधळही इथेच. प्रत्येक ट्रायलला ११ निकष लावले जातात, पण पहिला, म्हणजे पेशंट कुठून आणि कोणत्या अटींवर घेतले हा, बेरजेत धरत नाहीत. म्हणून गुण १० पैकी. नोंद उघडली की कुठल्या निकषाला हो आणि कुठल्याला नाही हे एकेक करून दिसतं. गुण पक्के केलेले आहेत की नाहीत याचीही नोंद शेजारी असते, ती बहुतेक जण वाचतच नाहीत.

पहिला गैरसमज असा की ५ म्हणजे काठावर पास आणि ८ म्हणजे डिस्टिंक्शन. व्यायामाच्या ट्रायलमध्ये पेशंटला आणि थेरपिस्टला आंधळं ठेवणं, म्हणजे कोणाला कुठला उपचार मिळतोय हे कळू न देणं, जवळपास अशक्य असतं, त्यामुळे ते दोन गुण सुरुवातीलाच जातात आणि कमाल मजल ८ वर थांबते. अल्ट्रासाउंडच्या ट्रायलमध्ये यंत्र बंद ठेवून दोघांनाही अंधारात ठेवता येतं, तिथे ९ किंवा १० मिळू शकतात. म्हणून ९ गुणांचा अल्ट्रासाउंडचा ट्रायल आणि ७ गुणांचा क्वाड्रिसेप्स (मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या) बळकटीचा ट्रायल शेजारी ठेवून ‘अल्ट्रासाउंडचा पुरावा भक्कम’ म्हणणं चूक आहे. शिवाय ट्रायल किती काळजीने केला एवढंच हे गुण सांगतात. उपचार लागू पडला की नाही, पडला तर पेशंटला जाणवेल इतका पडला का, हे त्यात नाही. ८ गुणांचा ट्रायल ‘काही फरक नाही’ असा निघू शकतो, आणि तो निकालही तितकाच कामाचा असतो.

दुसरी गोष्ट, निकषांची भाषा काटेकोर आहे आणि ती शब्दशः वाचावी लागते. फॉलोअपचा निकष घ्या. सुरुवातीला गटांत घातलेल्या पेशंटपैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणांचं किमान एक महत्त्वाचं मोजमाप हाती आलं पाहिजे. ६० पेशंट घेतले आणि ५१ मोजले तर बरोबर ८५ टक्के होतात, म्हणजे गुण नाही. ५२ मोजले तर गुण आहे. आणि हे दोन्ही आकडे पेपरात स्पष्ट लिहिलेले हवेत, अंदाजाने धरायचे नाहीत.

कन्सील्ड ॲलोकेशनमध्ये, म्हणजे गटवाटप गुप्त ठेवण्याच्या निकषात, तर निम्मा वर्ग चुकतो. ‘संगणकाने यादी तयार केली’ एवढं वाचून मुलं गुण देऊन मोकळी होतात. यादी कशी केली हा रँडमाइझेशनचा प्रश्न झाला. पेशंटला घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याला तो कुठल्या गटात जाणार हे आधी कळत होतं का, हा कन्सीलमेंटचा प्रश्न. बंद, अपारदर्शक, क्रमांक घातलेली पाकिटं असतील तर गुण. चिठ्ठ्या उचलल्या एवढंच लिहिलं असेल तर नाही.

बेसलाइनच्या, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीच्या, निकषात वय, लिंग, उंची, वजन यांचा तक्ता पुरत नाही. आजाराच्या तीव्रतेचं एक माप आणि त्याखेरीज एखादं महत्त्वाचं आउटकम (परिणामाचं माप), ही दोन्ही गटांत सुरुवातीला सारखी असल्याचं दिसावं लागतं. आंधळ्या परीक्षकाचा निकष आणखी फसवा. वेदनेचं माप व्हीएएसवर (पेशंटने स्वतः रेघेवर खूण करायची पट्टी) घेतलं, तर मोजणारा म्हणजे खुद्द पेशंट. त्याला आपला उपचार माहीत आहे, मग शेजारी उभा असलेला इंटर्न कितीही अनभिज्ञ असो, त्या मापापुरता परीक्षक आंधळा नाही.

आणि दोन गटांच्या तुलनेचा निकष. अ गटात आधी-नंतर फरक लक्षणीय, ब गटातही लक्षणीय, म्हणून अ चांगला, असं लिहिलेले थिसिस दर वर्षी वायवाला येतात. पेअर्ड टी टेस्ट (एकाच गटाची आधी-नंतरची तुलना करणारी चाचणी) दोनदा लावून दोन गटांची तुलना होत नाही. पेड्रो हा गुण तेव्हाच देतो, जेव्हा अ आणि ब यांची एकमेकांशी सांख्यिकी तुलना केलेली असते. हा एक निकष तिसऱ्या वर्षातच डोक्यात बसला तर पुढे गाईडचा बराच त्रास वाचेल.

म्हणूनच वर्गात पेड्रो वापरायची पद्धत उलटी असावी: आधी गुण लपवायचे. गुण पक्के केलेला आणि पूर्ण पेपर फुकट मिळणारा, मस्क्युलोस्केलेटल विषयावरचा छोटा ट्रायल निवडावा, छापून वाटावा आणि ११ निकषांसाठी ४० मिनिटं द्यावीत. प्रत्येक ‘हो’साठी पेपरातलं नेमकं वाक्य अधोरेखित केलेलं हवं. वाक्य नसेल तर उत्तर नाही. मग दोघादोघांनी बसून एकमत करायचं, आणि त्यानंतरच पेड्रोची नोंद पडद्यावर लावायची. शिकणं घडतं ते जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे. न जुळल्याचं दडपण मात्र नको: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकेकट्याने दिलेल्या एकूण गुणांची विश्वसनीयता (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.५६ होती, एकमताने दिलेल्यांची ०.६८. अनुभवी लोकांची ही गत, तर मुलांचे एक-दोन गुण इकडेतिकडे होणारच. वर्गाला खरंच काही आलं का हे मोजायचं असेल तर ७ प्रश्नांची ॲडॅप्टेड फ्रेस्नो टेस्ट (पुरावा शोधून वाचण्याचं कौशल्य तपासणारी परीक्षा) आधी आणि नंतर घ्यावी. ‘आत्मविश्वास वाढला का’ अशा फॉर्मपेक्षा ती बरी.

उणिवाही आहेत. पूर्ण पेपर इथे मिळत नाही, दुवे मिळतात, आणि दुव्याच्या टोकाला बऱ्याचदा पैसे मागणारं जर्नल असतं. नव्या नोंदींना गुण पडायला वेळ लागतो. संकेतस्थळ बऱ्याच भाषांत वाचता येतं, त्यात तमिळसुद्धा आहे. मराठी आणि हिंदी नाहीत, आणि भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण जिथे १९५३ मध्ये सुरू झालं त्या केईएमच्या शहरातून पाहताना हे जरा खटकतंच. अर्थात गोषवारे इंग्रजीच असल्याने भाषांतराने फार मोठा फरक पडला नसता.

काय शोधू नये हेही माहीत हवं. लॅकमन (गुडघ्याची) किंवा नीअर (खांद्याची) या तपासण्या किती अचूक, हे इथे नाही. त्यासाठी त्याच मंडळींचा डायटा हा वेगळा डेटाबेस आहे. कोहॉर्ट (एखाद्या गटाचा काळानुसार मागोवा घेणारे अभ्यास), केस रिपोर्ट, मुलाखतींवरचे अभ्यास नाहीत. चालू असलेले ट्रायल नाहीत, त्यासाठी आपली सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायल्सची नोंदणी पाहावी. आणि फिजिओच्या विद्यार्थ्यांना कसं शिकवावं यावरचे ट्रायलही पेड्रोच्या अटींत बसत नाहीत, कारण उपचार ज्यांच्यावर व्हायचे तशा माणसांवरचा अभ्यास ही त्यांची अट आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन जोड ट्रायल घ्या. १९२ आणि १७८ विद्यार्थ्यांच्या चार आठवड्यांच्या पोस्टिंगमधला एक चतुर्थांश वेळ नकली पेशंटसोबतच्या सरावाला दिला, तरी क्लिनिकल कामगिरी नेहमीच्या पोस्टिंगइतकीच राहिली. एज्युकेशन विषयात थिसिस करणाऱ्याने असं काही शोधताना पेड्रोत संध्याकाळ घालवू नये, थेट पबमेड आणि एरिक हा शिक्षणविषयक डेटाबेस उघडावा. दोन्ही फुकट आहेत.