विनजुपॉस: गुरूवरच्या वादळांची मोजदाद

गुरूचे फोटो काढणारे पुष्कळ, मोजमाप घेणारे थोडे. मोजायचंच असेल तर माझ्या मते विनजुपॉसला तोड नाही. सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोजवर चालतं आणि दिसायला जुनाट आहे. दिसण्यावर जाऊ नका.

शिस्त फाइलच्या नावापासूनच लागते. वर्ष, महिना, दिवस, मग तास-मिनिटं आणि शेवटी मिनिटाचा दहावा भाग. तेही जागतिक प्रमाणवेळेत. हा काटेकोरपणा उगाच नाही. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे मिनिटाला ०.६ अंश. संगणकाचं घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर वादळाचा डाग तीन अंश भलतीकडे जातो.

फोटो उघडला की बिंबाभोवती चौकट बसवायची. एफ११ दाबलं की ती आपोआप बसते, पण बिंबाची एक कड काळवंडलेली असेल तेव्हा तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. बाणांच्या कळांनी सरकवा, एन आणि पी या कळांनी फिरवा. फोटोत एखादा उपग्रह आला असेल तर उत्तमच, त्याच्या जागेवरून दिशा पक्की होते. मग डागावर कर्सर नेला की अक्षांश-रेखांश हजर.

रेखांश कुठल्या प्रणालीतला, तेवढं बघा. गुरू सगळीकडे सारख्या वेगाने फिरत नाही, म्हणून विषुववृत्ताजवळ पहिली (एक फेरी ९ तास ५० मिनिटं ३० सेकंदांत), इतरत्र दुसरी (९ तास ५५ मिनिटं ४१ सेकंदांत). मोठा लाल डाग दुसरीतही जागा सोडतोच. महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की कुठलं वादळ कुणाला गाठणार याचा अंदाज येतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. २००० साली दोन पांढरी वादळं एकत्र येऊन ओव्हल बीए नावाचं मोठं वादळ झालं. २००६ मध्ये ते लाल झाल्याचं टिपलं क्रिस्टोफर गो या हौशी निरीक्षकाने. ३१ मे २०२० ला क्लाइड फॉस्टर या हौशी निरीक्षकाला मिथेन फिल्टरमधून (मिथेन वायू जो प्रकाश शोषतो तेवढाच आत सोडणारी काच) नवा ठिपका दिसला आणि दोनच दिवसांनी गुरूभोवती फिरणारं जुनो यान त्याच्या जवळून गेलं!

बरेचजण मात्र हे घेतात ते डी-रोटेशनसाठी. सोय छान आहे: एकामागून एक घेतलेल्या फोटोंमधलं फिरणं काढून टाकून ते एकत्र करता येतात आणि बारकावे उठून दिसतात. फक्त बिंबाच्या कडेला कधीकधी खोटी रेघ उमटते. तिथला ‘नवा पट्टा’ जाहीर करण्याआधी मूळ फोटो काढून बघा. मोजमापासाठी मी तर एकेकटाच फोटो वापरतो.