चार वायरींचे घर आणि आपोआप फिरणारा ब्लोअर: नेस्ट की इकोबी?

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या जुन्या घरात हौसेने स्मार्ट थर्मोस्टॅट बसवावा आणि आठवड्याभरातच तळघरातल्या फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, ब्लोअर (घरभर हवा ढकलणारा पंखा) मध्यरात्री आपोआप सुरू होऊ लागावा, किंवा एकदा सुरू झाला की थांबू नये, हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. अशा वेळी आहे तो थर्मोस्टॅट परत करून दुसऱ्या कंपनीचा आणावा, हा विचार सर्वांत आधी मनात येतो. नेस्ट आणि इकोबी या दोन स्मार्ट थर्मोस्टॅटांची ही तुलना म्हणूनच केवळ ब्लोअरच्या अंगाने केली आहे; दिसणे, ॲप आणि किंमत हे विषय येथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत.

तुलनेपूर्वी पाच मिनिटांची एक चाचणी अवश्य करावी. ब्लोअर फिरत असताना थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरच्या पट्टीवरून ओढून काढावा आणि वाट पाहावी, कारण बर्नर विझल्यानंतरही उरलेली उष्णता घरात पोहोचवण्यासाठी फर्नेस स्वतःच ब्लोअर साधारण दीड ते तीन मिनिटे चालू ठेवते. त्यानंतरही तो थांबला नाही, तर दोष थर्मोस्टॅटचा नाही. भिंतीत लाल आणि हिरवी वायर कुठेतरी एकमेकींना चिकटली असेल, फर्नेसच्या सर्किट बोर्डावरचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) अडकला असेल, किंवा फिल्टर धुळीने बुजल्यामुळे फर्नेस तापून लिमिट स्विच (अति तापल्यास उघडणारा सुरक्षा स्विच) उघडला असेल. हा स्विच उघडला की बर्नर बंद होतो आणि आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी ब्लोअर फिरत राहतो. फिल्टर बदलणे आपल्या हातात आहे, बाकीचे काम टेक्निशियनचे. येथे नेस्ट काढून इकोबी लावला, किंवा उलट केले, तरी काहीही फरक पडणार नाही.

पुढचा भाग काढताच ब्लोअर थांबला, तर आधी सेटिंग पाहावे. नेस्टमध्ये पंख्याला रोज ठरावीक वेळात दर तासाला काही मिनिटे चालवण्याचे वेळापत्रक असते, शिवाय ‘एअरवेव्ह’ ही सोय असते: हवा पुरेशी कोरडी असेल तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर थोडा आधी बंद करून, कॉइलमध्ये (हवा गार करणाऱ्या नळ्यांमध्ये) उरलेला गारवा नुसत्या पंख्याने घरात आणला जातो. इकोबीमध्ये दर तासाला पंखा किमान किती मिनिटे चालावा हे ० ते ५५ मिनिटांपर्यंत ठरवता येते, आणि ‘होम’, ‘अवे’, ‘स्लीप’ या प्रत्येक अवस्थेसाठी पंखा ‘ऑटो’ की ‘ऑन’ हेही वेगळे निवडता येते. ब्लोअर फक्त रात्रीच सतत फिरत असेल, तर ‘स्लीप’मध्ये ‘ऑन’ राहून गेले आहे का हे पाहावे. सेटिंगच्या बाबतीत माझा कौल इकोबीला आहे, कारण पंखा नेमका कशामुळे चालू आहे हे शोधणे त्यात सोपे जाते.

खरा फरक मात्र वीज घेण्याच्या पद्धतीत आहे. फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट देतो. लाल आर वायरीने वीज येते, आणि थर्मोस्टॅटला स्वतःसाठी ती अखंड हवी असेल तर परतीसाठी सी वायर लागते. जुन्या घरात बहुधा आर, जी (पंख्याची), वाय (एसीची) आणि डब्ल्यू (हीटिंगची) या चारच वायरी असतात. नेस्टचे ‘लर्निंग’ हे मॉडेल सी वायर नसतानाही चालते, कारण ते एसीच्या किंवा हीटिंगच्या वायरीतून अगदी थोडा प्रवाह ओढून आपली बॅटरी भरते. अनेक घरांत हे वर्षानुवर्षे निर्धोक चालते. पण फर्नेसचा बोर्ड संवेदनशील असेल तर त्या थोड्याशा प्रवाहालाच तो आदेश समजतो, रिले ‘टक्’ करतो, ब्लोअर क्षणभर उठतो आणि बसतो. नेस्टच्या तांत्रिक माहितीत बॅटरी ३.६ व्होल्टच्या खाली दिसत असेल, तर संशय बळावतो. इकोबीला बॅटरीच नसते, त्यामुळे सी वायर किंवा तिचा पर्याय दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही. बसवताना ही अट जाचक वाटते, परंतु तिच्यामुळेच हा विशिष्ट त्रास टळतो.

एवढ्यावरून इकोबीच घ्या, असे मी म्हणणार नाही. इकोबीच्या बहुतेक मॉडेलांबरोबर पॉवर एक्स्टेंडर किट येते. ते फर्नेसच्या बोर्डाजवळ बसवले की त्याच चार वायरींवर काम भागते आणि पंखा स्वतंत्रपणे चालवण्याची सोयही टिकते. नेस्टसाठी असाच जोड, पॉवर कनेक्टर, वेगळा विकत मिळतो आणि तोही हेच दुखणे बरे करतो. म्हणून नेस्ट आधीच भिंतीवर असेल तर पॉवर कनेक्टर घ्यावा, आणि अजून काहीच घेतले नसेल तर चार वायरींच्या घरात इकोबी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिरव्या जी वायरीलाच सी म्हणून जोडण्याचा स्वस्त उपाय मी टाळायला सांगेन. त्यात फर्नेसच्या बोर्डावर वाय आणि जी यांना छोटी वायर जोडून एकत्र करावे लागते. ती राहून गेली तर एसी चालतो पण ब्लोअर फिरत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. जोडली तरी नुसता पंखा चालवता येत नाही, म्हणजे एक विचित्र वागणूक घालवून दुसरी पदरात पडते.

काहीही विकत घेण्याआधी भिंतीवरची पट्टी सोडवून मागच्या भोकात डोकावावे. शेजारच्या घरी आम्ही अडॅप्टर मागवायला निघालो होतो, आणि केबलच्या करड्या आवरणाभोवती गुंडाळलेली निळी वायर तिथेच सापडली. दुसरे टोक फर्नेसजवळही तसेच मोकळे होते, ते फक्त सीवर जोडायचे राहिले होते. हे काम करताना फर्नेसचा ब्रेकर बंद हवाच, कारण आर आणि सी यांचा क्षणभर जरी स्पर्श झाला तरी बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा, मोटारीत असतो तसा छोटा फ्यूज उडतो, आणि मग कोणत्याच कंपनीचा थर्मोस्टॅट फर्नेस चालू करू शकत नाही.