गिअरबॉक्सचं ऑइल: मशीनने फ्लश की पॅन उघडून टप्प्याटप्प्याने?

ऑटोमॅटिक एसयूव्ही गिअर बदलताना झटके मारायला लागली आणि मेकॅनिक म्हणाला, "ऑइल बदलून बघू," की दोन रस्ते समोर येतात: मशीन लावून जवळजवळ सगळं ऑइल एकदम बदलणं, म्हणजे फ्लश, किंवा गिअरबॉक्सखालचा ऑइलचा ट्रे, म्हणजे पॅन, उघडून टप्प्याटप्प्याने बदलणं. मी एकाच गाडीवर दोन्ही करून पाहिले आहेत. माझा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग), सहा गिअरचा. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार असतील तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही.

माझी तक्रार अशी होती: गाडी थांबवत आणताना, वेग अगदी कमी झाला की दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. सकाळी काही नाही, तासभर चालली की हमखास.

ऑइलला हात लावण्याआधी दोन-तीन गोष्टी बघून घ्या, कारण प्रत्येक झटका गिअरबॉक्सचा नसतो. ब्रेक दाबून ठेवून रिव्हर्स आणि ड्राइव्ह आलटून पालटून टाकताना इंजिन जागेवर उसळत असेल तर आधी इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग तपासा. बॅटरी अशक्त असेल तरी गिअरबॉक्सचा कंप्युटर विचित्र वागू शकतो. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर नुसता पी०७०० दिसला तर तिथे थांबू नका. तो कोड 'गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे तक्रार नोंदली आहे' एवढंच सांगतो, खरी तक्रार त्या कंप्युटरमधून वाचावी लागते. आणि एकसारख्या वेगाने, पाय हलका ठेवून चालवताना रस्ता खडबडीत असल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला पाय नुसता टेकवा. थरथर लगेच थांबली तर संशय कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर (एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) घ्यायचा.

हे सगळं माझ्या गाडीत ठीक निघालं. मग मी फ्लश करून घेतलं.

फ्लशचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. नुसता ड्रेन बोल्ट उघडला तर सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहतं. मशीन त्या नळ्यांनाच जोडलेलं असल्यामुळे जवळजवळ सगळं ऑइल एका बैठकीत बदलतं. गाडी परत घेताना मला फरक जाणवला आणि मी समाधानी होतो. काही आठवड्यांनी धक्का परत आला, पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण तोच.

मला खटकलं ते धक्का परत येणं नव्हे. मी विचारलं, "पॅनमध्ये काय होतं?" उत्तर मिळालं, "पॅन उघडावाच लागत नाही." म्हणजे फिल्टर जुनाच, पॅनमधल्या धातूचे कण धरणाऱ्या चुंबकांवर इतक्या वर्षांत जे साचलं तेही तिथेच, आणि माझा गिअरबॉक्स आतून झिजतोय की फक्त मळलाय हे कुणीच पाहिलं नव्हतं. पैसे दिले, ऑइल नवं झालं, पण निदान शून्य. मला हे फार लागलं.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे पॅन उतरवून घेतला आणि स्वतः शेजारी उभा राहिलो. चुंबकांवर मलमासारखा बारीक करडा लेप होता. तो सर्वसाधारण झिजेचा असतो. बोटांना टोचणारे धातूचे कण नव्हते, ऑइलला करपल्याचा वास नव्हता. त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते फ्लशने कधीच सांगितलं नसतं. कण निघाले असते किंवा काळी, जळकी घाण निघाली असती, तर पुढचं ऑइल ओतण्यात काही राम नव्हता. तेव्हा विचार करायचा तो व्हॉल्व्ह बॉडीचा (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) किंवा क्लच प्लेट्सचा.

त्या दिवशी फिल्टर आणि गॅस्केट बदललं. (काही गिअरबॉक्समध्ये पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच असतो, तिथे अख्खा पॅन बदलतात.) नंतर काहीशे किलोमीटरच्या अंतराने आणखी दोनदा नुसतं ड्रेन करून भरलं. हिशेब सोपा आहे: दर वेळी ४० टक्के ऑइल निघतं असं धरलं तर एकदा केल्यावर ४०, दोनदा केल्यावर ६४ आणि तिसऱ्यांदा सुमारे ७८ टक्के नवं होतं. फ्लशइतकं नाही, आणि तीन खेपा घालाव्या लागतात. घाईत असलेल्याला हे नकोसं वाटेल, समजू शकतो.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नसते त्यात लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बघायची असते. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना ३० ते ५० अंश सेल्सिअस. ऑइल त्याहून गरम असताना बघितलं तर ते फुगलेलं असतं, जास्तीचं म्हणून बाहेर काढलं जातं आणि प्रत्यक्षात कमी राहतं. फ्लशनंतर माझ्या गाडीत हेच झालं असावं, असा माझा अंदाज आहे; सिद्ध करू शकत नाही. तुम्ही मात्र कोणताही पर्याय घ्या, मेकॅनिकला 'लेव्हल किती तापमानाला बघणार?' हे जरूर विचारा. कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं ऑइल हवं, हे तर आलंच.

'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही' असं सांगणारे भेटतील. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते.

ज्याच्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदललेलं आहे, गिअरबॉक्स शांत आहे, त्याने फ्लश केलं तर मी अडवणार नाही. पण झटका सुरू झालेला असेल तर आधी पॅन उघडा.

माझा थांबतानाचा धक्का तिसऱ्या ड्रेननंतर, गिअरबॉक्सच्या कंप्युटरने गिअर बदलण्याची शिकून ठेवलेली जुनी पद्धत स्कॅनरने पुसून काही दिवस हलक्या पायाने चालवल्यावर गेला. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना अजून किंचित काहीतरी जाणवतं. पुढच्या वेळी पॅन उतरेल तेव्हा चुंबक पुन्हा बघेन.