काजूच्या कारखान्यात कापलेला माझा फंड

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी अकरा वर्षं काम केलं. जून २०१२ मध्ये लागले, मे २०२३ मध्ये मला घरी बसवलं. दर पगाराला माझा फंड, म्हणजे प्रॉव्हिडंट फंड (पीएफ), कापला जात होता. त्यातला शेवटच्या ३९ महिन्यांचा फंड कुठेच भरलेला नव्हता आणि कागदोपत्री मी दोनदा राजीनामा दिलेला होता. दोन्ही गोष्टी मला काम सुटल्यावर कळल्या. इथल्या काजू कारखान्यांत, आंब्याच्या कॅनिंगमध्ये, कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कितीतरी बायका अशाच राबतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी कटिंगला होते. पायाने दांडा दाबायचा, हाताने पात्यांमध्ये एकेक बी धरायची. टरफलातलं तेल बोटांवर आलं की कातडी भाजते, काळी पडते आणि सोलून निघते. एरंडेल लावून बसायचो, तरी रात्री भाकरी मोडताना झोंबायचं. आमच्या बौद्धवाडीतल्या जवळजवळ सगळ्या जणी कटिंगलाच. पांढरा गर जिथे निवडतात त्या ग्रेडिंगच्या खोलीत आम्हाला कधी बसवलं नाही. का, ते कुणी तोंडाने सांगितलं नाही. आम्हाला ते कळत होतं.

पगार रोख मिळायचा, सोबत एक लहान चिठ्ठी. तीवर पेनाने लिहिलेलं असायचं: किती किलो, किती रुपये, फंड किती. शेवटी शेवटी महिन्याला आठशेच्या आसपास कापत होते. अधूनमधून पगाराच्याच दिवशी क्लार्क कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचा. "सही कर गो बाय, फंडाचोच कागद आसा," म्हणायचा. मागे रांग उभी, बाहेर शेवटची एसटी सुटायची वेळ झालेली. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, मला वाचता येत होतं. तरीही वाचलं नाही, आणि त्या सह्यांनीच पुढे माझा घात केला.

काम सुटल्यावर मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी फंड काढायचा म्हणून बाजारातल्या सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. एकदा ठेवला, पुसून ठेवला, मग दहाही बोटं ठेवून झाली. मशीन घेईना. तेलाने रेषाच गेल्या होत्या. मग त्याने ओटीपी मागवला, तर माझा फोन वाजलाच नाही. तो म्हणाला, "मावशे, फंडाक जोडलेलो ह्यो नंबर तुमचो नाय." नंबर कारखान्यातल्या क्लार्कचा होता. फंडाचा मेसेज येत होता की नव्हता, हे माझ्याखेरीज दुसऱ्यालाच ठाऊक होतं.

आमच्या भागाचं फंडाचं कार्यालय कोल्हापूरला. दोन फेऱ्या घातल्या, आधार आणि बँकेचं पासबुक दाखवून नंबर बदलून घेतला, तेव्हा कुठे फंडाचं पासबुक हातात आलं. त्यात माझ्या नावापुढे तीन मालक. पहिली चार वर्षं कारखाना, नंतर एक ठेकेदार, त्यानंतर दुसरा. मी एकाच टेबलावर, एकाच मशीनवर बसत होते आणि कागदावर माझा मालक बदलत होता. जानेवारी २०२० पासून तर पासबुक कोरं. टाळेबंदीचे दोन महिने सोडले तर त्या काळातल्या प्रत्येक महिन्याला माझे पैसे कापलेले होते.

मालक का बदलत होते, ते ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकाने द्यायची रक्कम, मागितली तेव्हा उमगलं. माझं काम सुटलं तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग पाच वर्षं भरली की वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळायचा. माझा शेवटचा रोज २८० रुपये धरला तर २८० गुणिले १५ गुणिले ११, म्हणजे ४६,२०० रुपये. पाच वर्षं भरूच नयेत म्हणून दर तीन-चार वर्षांनी माझा राजीनामा तयार झाला होता. शेठच्या वकिलाने त्याच्या झेरॉक्स जोडल्या. सही माझीच होती.

पहिल्या राजीनाम्यावर तारीख होती १४ एप्रिल २०१६. "आज रोजी कार्यालयात समक्ष हजर राहून" असं त्यात लिहिलं आहे. ती बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून सकाळपासून वाडीत होते, मिरवणुकीत पुढे पंचशीलाचा झेंडा माझ्या हातात होता. तो फोटो समाजमंदिराच्या भिंतीवर आहे, खाली तारीख आहे. ज्यांनी १९२८ साली मुंबईच्या विधान परिषदेत कारखान्यातल्या बाळंतिणींच्या हक्काची बाजू मांडली, त्यांच्या जयंतीची तारीख टाकून माझ्या अकरा वर्षांचे तुकडे केले होते. ती झेरॉक्स वाचताना मला रडू आवरलं नाही.

शेठचं दुसरं म्हणणं असं की काजूचं काम हंगामी. हंगामी ठरलं तर ग्रॅच्युइटी एका हंगामाला सातच दिवसांची. पण इथली बी संपली की आफ्रिकेतून बी येते, पावसाळ्यातही मशीन चालू असतं. हे सिद्ध करायला जुलै-ऑगस्टच्या पगाराच्या चिठ्ठ्या हव्या होत्या. मी माझ्या चुलीत घातल्या होत्या. आमच्यातल्या एका काकीने मात्र सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, वर्षावर्षाच्या, दोऱ्याने बांधून. काहींवर तिच्याच अंगठ्याचे काळे तेलकट ठसे. शाळेत न गेलेल्या त्या बाईच्या डब्यावर आमची सगळी केस उभी आहे.

तुम्ही आज कामावर असाल तर आजच विचारा की तुमच्या फंडाला कुणाचा मोबाईल जोडलाय. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा क्रमांक, सुरू असेल आणि मोबाईल नंबर तुमचाच असेल तर त्या फोनवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजने येते, पैसे लागत नाहीत. बोटांच्या रेषा गेल्या असतील तर सरकारच्या उमंग ॲपमध्ये चेहरा दाखवून यूएएन सुरू करता येतो. एजंटाला पैसे आणि ओटीपी देऊ नका. सही करायच्या आधी कागदाचा फोटो काढा. काढू देत नसतील तर एसटी चुकली तरी चालेल, सही नको. ठेकेदार पळाला म्हणून शेठ हात वर करतात, पण फंडाची जबाबदारी मूळ मालकावर असते. पगारातून कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारतर्फे वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करा. आम्हाला ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, असाच वकील मिळाला.

आम्ही २३ जणी होतो, तक्रारीला उभ्या राहिलो नऊ. बाकीच्यांच्या सुना, जावा अजून तिथेच कामाला आहेत, त्यांना मी दोष देत नाही. कोल्हापूरच्या चौकशीनंतर आम्हा नऊ जणींचा बुडवलेला फंड मालकाच्या हिश्श्यासकट खात्यात आला. मुलीची फी मात्र तोवर मंगळसूत्र मोडून भरून झाली होती.

ग्रॅच्युइटीचा दावा चालू आहे. पुढच्या तारखेला काकी डबा घेऊन येणार आहे, आणि समाजमंदिरातला तो फोटो फ्रेमसकट न्यायला वाडीने परवानगी दिली आहे.